हिशोब चुकतो, तरी गणितच शिकायचं म्हणते

सोलापूरच्या पूर्व भागातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव-पत्ता देत नाही. पत्र मोठं होतं, त्याचा सारांश असा:

घरचा टॉवेल-नॅपकिनचा कारखाना, चार यंत्रमाग आणि त्याला जोडून होलसेलचं छोटं दुकान. हिशोब सासरे बघतात. वय सत्तरच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत, पण कॅल्क्युलेटरला हात न लावता तोंडी बिल करतात. मुलगी दहावीत आहे. बीजगणित-भूमितीत तिला चांगले मार्क पडतात, वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही मांडत ती तासन्‌तास बसते आणि पुढे गणितातच पदवी घ्यायची म्हणते. पण साध्या बेरजा-गुणाकार चुकतात, अजून बोटांवर मोजते, कुणी आकडे सांगितले तर लिहिताना उलटे लिहिते. दिवाळीच्या गर्दीत तिला दुकानात बसवलं, तेव्हा 97 रुपयांच्या 48 टॉवेलांचं बिल तिने 4556 केलं. तिचे ताता, म्हणजे आजोबा, गिऱ्हाइकासमोरच म्हणाले, “शंभर रुपये गेले. साधा हिशोब येईना आणि म्हणे गणित शिकणार!” तीही चिडून म्हणाली, “तुम्ही करता तो हिशोब. त्याला गणित म्हणत नाहीत.” तेव्हापासून आजोबा-नातीत धड बोलणं नाही. वडील म्हणतात, कॉमर्सला घालू, तोवर अबॅकसचा क्लास लावू. आईचा प्रश्न: पायाच कच्चा असताना पोरीला गणिताला पाठवायचं का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, पण जास्त वेळ बघत बसले ते तुम्ही शेवटी जोडलेल्या वहीच्या पानाकडे. “हे असलं काहीतरी काढत असते” असं तुम्ही त्याखाली लिहिलंय. त्या पानावर चौकटींचा एक चौरस आहे. कोपऱ्यात एक चौकट निळी. तिला दोन बाजूंनी वेढून तीन चौकटी लाल, सुताराच्या गुण्यासारख्या काटकोनात. मग पाच हिरव्या, मग सात पुन्हा निळ्या. शेजारी 1 + 3 + 5 + 7 = 16, आणि खाली दोनच शब्द: “म्हणून नेहमीच.”

तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला त्या दोन शब्दांत दिसलं.

एक, तीन, पाच, सात यांची बेरीज सोळा होते, हे अंकगणित. कुणालाही करता येतं, फोनलाही. पण चारच का, पहिल्या दहा विषम संख्या घेतल्या तर बेरीज शंभर, शंभर घेतल्या तर दहा हजार, म्हणजे जितक्या संख्या घ्याल तितक्यांचा वर्ग, आणि हे कधीच चुकणार नाही, हे ती बेरजा करून सांगू शकत नाही. बेरजा कधी संपणारच नाहीत. तिने ते चित्रातून पाहिलंय. कोणत्याही चौरसाला दोन बाजूंनी नवा थर लावायचा तर एका बाजूच्या चौकटी, दुसऱ्या बाजूच्या तेवढ्याच आणि कोपऱ्याची एक लागणार. म्हणजे दुप्पट अधिक एक, म्हणजे दर वेळी पुढची विषम संख्याच. ‘किती’ला तिथे महत्त्व उरत नाही. ‘नेहमीच का’ हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर मिळतं. ताई, गणित म्हणतात ते हे. दहावीतली मुलगी कुणी न सांगता ते करते आहे.

आता ‘पाया’ या शब्दाबद्दल. तुम्ही तो पत्रात चार वेळा वापरलाय. घर बांधताना पाया आधी भरतात, तो कच्चा राहिला तर वरचं सगळं कोसळतं, हे खरं. पण हिशोब आणि गणित यांचं नातं पाया आणि मजल्याचं आहे, हे आपण विचार न करता मानतो. आपल्याच भास्कराचार्यांनी ते वेगळं मांडलंय. त्यांनी दोन नावं वापरली: व्यक्त गणित आणि अव्यक्त गणित. व्यक्त म्हणजे समोर दिसणाऱ्या संख्यांचं, ते ‘लीलावती’त. अव्यक्त म्हणजे न दिसणाऱ्या, अजून ठाऊक नसलेल्या राशींचं, ते ‘बीजगणिता’त. दोन्ही ग्रंथ 1150 च्या सुमाराचे. आणि ‘बीजगणिता’च्या सुरुवातीला ते म्हणतात की आधी सांगितलेल्या व्यक्त गणिताचं बीज अव्यक्तात आहे. म्हणजे उलटं! आकडेमोड आधी शिकतो खरी, पण ती ज्यातून उगवली ते बी जमिनीखाली असतं. तुमची मुलगी ते बी उकरून बघतेय, आणि वरच्या पिकाची निगा मात्र राखत नाहीये.

मी पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं. तोंडी गुणाकारात वर्गाला मागे टाकणारी मुलं x आणि y आले की गोंधळून बसलेली पाहिली. सात आठे किती म्हटल्यावर अडखळणारी मुलगी फळ्यावरच्या सिद्धतेतली माझी चूक दाखवून गेलेलीही पाहिली. पण म्हणून ज्याचा हिशोब कच्चा त्याचं डोकं गणिताचं, असा उलटा हिशोब मांडू नका. बहुतेक चांगल्या गणितज्ञांना आकडेमोड नीट येते. फक्त त्यांना गणितज्ञ म्हणतात ते तिच्यामुळे नव्हे. शकुंतलादेवींनी 1980 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तेरा-तेरा आकड्यांच्या दोन संख्यांचा गुणाकार 28 सेकंदांत मनात केला. ते अफाट कौशल्य होतं. गणितात नवं प्रमेय मांडायला लागतं ते कौशल्य वेगळं. एकावरून दुसऱ्याची परीक्षा घेऊ नये, एवढंच.

तुमच्या घरातल्या भांडणाकडे येते. मला वाटतं मुलगी अर्धी बरोबर आहे आणि तिच्या तातांचा तिने अपमान केलाय, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तातांनी ते बिल कसं केलं, हे तुम्ही लिहिलंय: “अठ्ठेचाळीसशे, त्यातून अठ्ठेचाळीस त्रिक एकशे चव्वेचाळीस गेले, चार हजार सहाशे छप्पन्न.” चौथी शिकलेल्या माणसाने 97 ला 97 मानलंच नाही. त्यांनी ते शंभर उणे तीन केलं. तुमच्या मुलीच्या बीजगणितात तेच a(b − c) = ab − ac असं छापलेलं असतं, आणि ती ते सोडवून मार्क मिळवते. ताता ते चिन्हांशिवाय आयुष्यभर करत आलेत. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीड, साडेतीन यांचे पाढे पाठ करणारी पिढी ती. पाठांतर होतंच, पण कुठे काय तोडायचं आणि कुठे जोडायचं ही समज पाठांतरातून येत नाही. त्यांना ‘नेहमीच का’ हे कुणी विचारलं नाही, इतकंच. आणि नातीने शाळेत शिकवल्याप्रमाणे 48 खाली 97 मांडून हातचे धरत गुणाकार केला. म्हणजे त्या दिवशी दुकानात जास्त गणिती वाट कुणाची होती? तातांची. हे तिला सांगा, माझं नाव घेऊन सांगा.

तिला आणखी एक दाखवा. आकड्यांच्या खेळाला ती खालच्या दर्जाचं समजू लागली असेल तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांबद्दल तिला वाचायला द्या. 1905 साली डहाणूला जन्मलेले, नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे मास्तर. मोठ्या पदव्या नाहीत, आयुष्यभर आकड्यांशी खेळले. तुमच्या बिलाचाच आकडा घ्या, 4656. त्याचे अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, 6654. उलटे लिहा, 4566. वजा करा, 2088. पुन्हा तेच: 8820 उणे 0288, आले 8532. पुन्हा: 8532 उणे 2358, आले 6174. आता 6174 वर हेच केलं तरी 6174 च येतं. चारही अंक एकसारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात पावलांत इथेच पोचते. आज जगभर त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. सुरुवात साध्या वजाबाकीपासून झाली होती.

किंवा तातांच्या 48 कडेच बघा. 5 आणि 43 ची बेरीज 48. दोन्ही मूळ संख्या. 11 आणि 37 चीही 48. दोनपेक्षा मोठी कोणतीही सम संख्या अशी दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते का? गोल्डबाख या गणितज्ञाने 1742 साली ऑयलर या दुसऱ्या मोठ्या गणितज्ञाला पत्रात हा अंदाज कळवला. अजून कुणी तो सिद्ध केलेला नाही, खोटाही ठरवलेला नाही. प्रश्न चौथीच्या पोराला समजतो, उत्तर अजून जगात कुणाकडे नाही. अंकगणिताला खालची पायरी म्हणायला म्हणूनच मी धजावत नाही.

पण ताई, बिल चुकलं हेही खरं. मार्चात बोर्डाची परीक्षा आहे, तिथे कॅल्क्युलेटर नाही, त्यामुळे चुकांचं काहीतरी करायलाच हवं. फक्त आधी चूक कसली आहे ते बघायला हवं. तिचा कच्चा कागद तुम्ही उतरवून पाठवलात हे फार बरं केलंत. 48 ला 7 ने गुणताना सात आठे छप्पन्न, सहा लिहिले, हातचे पाच, बरोबर. सात चोक अठ्ठावीस, बरोबर. अठ्ठावीस आणि पाच: तिने लिहिले 23. पुढचं सगळं बिनचूक आहे. म्हणजे तिला गुणाकार येतो, पाढे येतात, हातचा कुठे जातो हेही कळतं. तेहतीसच्या जागी तेवीस पडले.

ही चूक मला ओळखीची वाटली. तुमच्या घरी तेलुगू बोलतात, ताता तेलुगूत मोजतात, शाळा मराठी. तेलुगूत तेवीस म्हणजे इरवै मूडु, वीस-तीन. तेहतीस म्हणजे मुप्पै मूडु, तीस-तीन. जसं बोलतात तसं लिहितात. मराठीत आपण एककाचा आकडा आधी बोलतो आणि नंतर लिहितो. अठ्ठेचाळीसमध्ये आठ आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र चार आधी. तेवीस आणि तेहतीस कानाला जवळजवळ सारखेच. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तेवीस’च्या जोडीला ‘वीस तीन’ असंही वाचायची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला! भाषेचा प्रश्न मी इथे काढत नाही. पण मुलं जिथे अडखळतात ती जागा खरी आहे, आणि सोलापुरात तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या कितीतरी घरांत ती आहे. ऐकून आकडे उलटे लिहिते, असं तुम्हीच लिहिलंय. तिच्या डोक्यात दोन भाषांचे आकडे एकमेकांना अडवत असावेत, असा माझा अंदाज आहे. उपाय सोपा आहे: मनात मोजताना तिने एकच भाषा धरावी, हवी तर तेलुगू. कुणी आकडा सांगितला की लिहिण्याआधी तो घरच्या भाषेत मोठ्याने म्हणावा, नलभै एनिमिदि, मग लिहावा. आणि बोटांवर मोजते म्हणून टोकू नका. बोटं लपवायला लावली की भीती वाढते आणि चुकाही वाढतात.

दुसरं, गुणाकार मांडण्याआधी अंदाज. 97 म्हणजे शंभराला थोडं कमी, 48 नग, म्हणजे 4800 पेक्षा दीडशेच्या आसपास कमी. 4556 दिसल्याबरोबर हे फारच खाली गेलं, असं खटकायला हवं. हे खटकणं हिशोबाच्या वेगापेक्षा कितीतरी मोलाचं, आणि ते सवयीने येतं. पंधरा दिवस प्रत्येक गणिताच्या डाव्या बाजूला आधी पेन्सिलने अंदाज लिहायला सांगा.

तिसरं, नवाचा पडताळा. हा तातांना बहुधा येत असेल. 48 चे अंक मिळवा: बारा, पुन्हा मिळवा: तीन. 97 चे: सोळा, सात. तीन सत्ते एकवीस, म्हणजे तीन. उत्तराच्या अंकांची बेरीजही शेवटी तीनच यायला हवी. 4656 ची एकवीस, तीन. जमलं. 4556 ची वीस, दोन. चुकलं! दहा सेकंदांत शंभर रुपये वाचतात. पण हा पडताळा उलटलेला आकडा पकडत नाही. 48 च्या जागी 84 घेतले तरी बेरीज बाराच. तिची नेमकी खोड ती, म्हणून मोठ्याने म्हणण्याची सवय हवीच. उलटलेला आकडा शोधायची वाट दुसरी आहे आणि जुने मुनीम ती वापरत: रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, फरक आला आणि तो नवाने भागला गेला, तर आधी कुठे आकडा उलटा लिहिलाय का ते बघायचं. 84 उणे 48, छत्तीस. नऊ चोक छत्तीस. दोन अंक उलटले की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. वर कापरेकरांच्या वजाबाक्यांतली उत्तरंही बघा: 2088, 8532, 6174, तिन्ही नवाने भाग जाणारी.

इथेच मला तुमच्या घरातला समेट दिसतो. तातांनी तिला पडताळा शिकवावा आणि तिने तो का चालतो ते तातांना सांगावं. दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक, एवढं धरून तिला ते दोन दिवसांत सुचेल. दुकान बंद झाल्यावर रोज पंधरा मिनिटं. ताता एक युक्ती सांगतील, ती वहीत ‘नेहमीच का’ लिहील. त्याआधी गिऱ्हाइकासमोर बोलल्याबद्दल तातांनी आणि तोडून बोलल्याबद्दल तिने, दोघांनीही एकेक वाक्य बोलायला हवं. ते तुम्हालाच घडवून आणावं लागेल, असं मला दिसतं.

अबॅकसचा क्लास राहू द्या. सात-आठ वर्षांच्या मुलाला त्याने आकड्यांशी सलगी होत असेल, दहावीच्या मुलीचे ते तास वाया जातील.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या काही घरांसाठी एक वेगळी गोष्ट सांगून ठेवते. मूल अगदी लहानपणापासून आकड्यांशी झगडत असेल, 7 मोठे की 9 हेच चटकन कळत नसेल, घड्याळ, सुटे पैसे, तारखा यांतही अडत असेल, तर ती हलगर्जी नसते. त्याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. अध्ययन अक्षमतेचा हा प्रकार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो, रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. शाळेशी लवकर बोला, दहावीची वाट बघू नका. तुमच्या मुलीचं वर्णन मात्र मला तसं वाटत नाही.

आता कॉमर्स. हिशोब येत नाही म्हणून कॉमर्स, यातली गफलत तिच्या वडिलांना हळूच दाखवा. रोजच्या आकडेमोडीचा भार बी.एस्सी. गणितापेक्षा हिशोबशास्त्रातच जास्त असतो. कारखान्याला घरचं माणूस हवं, ही त्यांची खरी काळजी असेल, तर ती तशी बोलून दाखवू द्या. त्यासाठी गणिताचं कारण पुढे करू नये. अकरावीला विज्ञान घेऊन गणित ठेवावं, असं मी सांगेन. पैशाचा विचार असेल तर बी.एस्सी. गणिताची सोय सोलापुरातल्या महाविद्यालयांतच आहे. तिला खरंच खोल जायचं असेल तर भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई गणित संस्था या दोन्हींच्या प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येतात. त्या अवघड आहेत, पण तिथे पाठांतरापेक्षा ‘का’ विचारतात. त्याआधी गणित ऑलिम्पियाड या स्पर्धेची पहिली पायरी, आयओक्यूएम ही परीक्षा, अकरावीत देऊन बघावी. त्या परीक्षेत विचार कितीही सुंदर केला तरी उत्तर म्हणून एक पूर्ण संख्याच भरायची असते. तेवीसच्या जागी तेहतीस भरले की सगळा विचार शून्य. हिशोब कशासाठी सुधारायचा, याचं एवढं पटणारं कारण तिला दुसरं कुणी देणार नाही.

नोकरीचं म्हणाल तर शिकवणं आहे, संख्याशास्त्र आहे, विमा कंपन्यांतलं जोखमीचं गणित आहे, संगणकाकडची वाट आहे. नक्की काय मिळेल हे दहावीत कुणाचंच ठरलेलं नसतं. दोन वर्षांनी बारावीला ती गणिताला कंटाळली, तर कॉमर्सचं दार तेव्हाही उघडं राहील. उलट बाजूने यायचं तर गणित बहुधा सुटलेलं असेल.

त्या पानाच्या मागच्या बाजूचा थोडा भाग फोटोत आलाय. तिथे 1 + 8 + 27 = 36 असं लिहून बाजूला प्रश्नचिन्ह आहे. एक, दोन, तीन यांचे घन. छत्तीस म्हणजे सहाचा वर्ग, आणि सहा म्हणजे 1 + 2 + 3. पुढे 64 मिळवले तर शंभर, दहाचा वर्ग, आणि 1 + 2 + 3 + 4 म्हणजे दहा. तिला हे दिसलंय, पण त्याच्याखाली ‘नेहमीच’ अजून लिहिलेलं नाही. तिला म्हणावं, याचंही चित्र निघतं. तातांना घेऊन बस, आणि सापडलं की मला पाठव.